होळीनंतरचा बर्फ

आल्प्समधल्या स्कीच्या गावी नोकरीला निघायच्या दिवशी बाबांनी अंगणात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. 'बा म्हाराजा, पोर परमुलखात जाताहा, त्याका सुखरूप ठेव.' मागे उभी असलेली वाडी म्हणाली, 'व्हय म्हाराजा.' स्वतःच्याच गाऱ्हाण्याला मीही व्हय म्हटलं. रिक्षात बॅग टाकताना बाबांनी एकच विचारलं, 'शिमग्याक येशील मां?' आमच्या राजापूरकडच्या गावात शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते. तिच्यासमोर घरच्या मुलानं उभं राहायचं असतं.

'येणार की,' मी म्हणालो. होळी जळाली, थंडी पळाली, हे लहानपणापासून पाठ. थंडी पळाली की बर्फ वितळणार, स्कीवाले घरी जाणार, मग मला ठेवून घेऊन कोण काय करणार? आल्प्सच्या डोंगराला आमची होळी ठाऊक नव्हती.

इथे डोंगराच्या पोटातून बोगदा काढलाय. त्यातून दोरानं ओढलेली फ्युनिक्युलर थेट स्कीच्या उतारांपर्यंत जाते. दोन डबे, दोर एकच. कप्पीवरच्या दोन घागरींसारखा एक वर, दुसरा खाली. मी खालच्या स्टेशनात असतो. लोकांना स्की उभ्या धरायला सांगायचं, आत सरकवायचं, दार लावायचं. काही मिनिटांत माणूस वर. वारा सुटला की उघड्यावरचे, तारेला लटकून वर जाणारे पाळणे बंद पडतात, आमची गाडी नाही.

कोकणात रेल्वे आली तेव्हा बाबांनी बोगद्यांवर काम केलेलं. फोनवर ते आधी विचारत, 'तुमच्या बोगद्यात पाणी गळता काय रे?' नाही म्हटलं की त्यांना पटत नसे. 'मगे तो कसलो बोगदो?' दुसरा प्रश्न शिमग्याचा.

मुंबईला गेलेल्यांनो, तुमचा मला हेवा वाटतो. चार दिवसांची रजा टाकून, उभ्यानं प्रवास करून का होईना, तुम्ही पोचता. फाल्गुनात इथे ऐन गर्दी. रजा मागितली की साहेब खांद्यावर हात ठेवतो आणि गोड हसून नाही म्हणतो. दोन शिमगे असेच गेले.

यंदा बाबा अंथरुणाला खिळलेले. पालखी यायच्या दिवशीच इकडे वारा सुटला, पाळणे बंद, आख्खी गर्दी आमच्या स्टेशनात. चुलतभावानं पाठवलेला व्हिडिओ मी दुपारी पाहिला. बाबांना खुर्चीसकट उचलून दारात आणलं होतं. दम लागत होता, तरी गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. 'बा म्हाराजा, माझो झील डोंगराच्या पोटात हा. त्याका भायेर काड.' सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. मी तेव्हा दार लावत होतो.

पंधरा दिवसांनी बाबा गेले. बर्फ तसाच होता. या वेळी रजा लगेच मिळाली, त्याचा राग अजून जात नाही. मरणाला मिळते ती रजा शिमग्याला भांडून घ्यायला हवी होती. मी भांडलो नाही. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

गावात आई आहे, अंगण आहे. पण माझ्या नावानं गाऱ्हाणं घालणारा आवाज नाही, आणि घर म्हणजे मला तो आवाजच होता, हे आता कळतं. सकाळी पहिली गाडी सोडताना बोगद्याच्या तोंडाशी मी गाऱ्हाणं पुटपुटतो. लोक आपापल्या स्की सावरत असतात. मागून व्हय म्हणायला कुणी नसतं, म्हणून तेही मीच म्हणतो.