मृदंगावरची ताई आणि ‘देणगी’ नावाचा शब्द

एखादी मुलगी छान वाजवते तेव्हा तुम्ही म्हणता, ‘देवाची देणगी आहे.’ मग तिचं चुकतं तेव्हा ती देणगी कुठे जाते?

राजूरजवळच्या आमच्या गावात, सप्ताहाच्या मांडवात मला हा प्रश्न पडला. माझ्या मोठ्या बहिणीला कीर्तनात मृदंग वाजवायचा होता. त्या जागी गावाने कधी बाई पाहिली नव्हती. आमचे वडील चळवळीतले, घरात पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे ताईचा हट्ट मला घोषणेसारखा वाटला. ताईला घोषणा नको होती, मृदंग हवा होता.

भजनी मंडळात मृदंग वाजवणारे तात्या शिकवायला तयार झाले. पण आधी बोल तोंडात बसले पाहिजेत, मगच वाद्याला हात, ही त्यांची अट. ताई कापूस वेचताना ‘तिट कत गदि गन’ म्हणत राहायची. आई वैतागायची, “कापसासंगं काय बोलून राह्यली गं?”

गेल्या वर्षी तात्यांनी तिला सप्ताहात दुपारच्या भजनाला बसवलं. तिथे जमलं तर कीर्तनाची जागा मिळणार होती. मृदंगाच्या डाव्या तोंडाला गव्हाची कणीक लावतात, त्याने आवाज खोल घुमतो. आमच्याकडे रोज भाकरी. ताईने गडबडीत ज्वारीचंच पीठ भिजवून लावलं. दुसऱ्या अभंगाला ते तडकलं आणि तिच्या मांडीवर पडायला लागलं. मृदंग पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागला. सप्ताहाचं सगळं ठरवणारे आमच्या शेजारचे काका ओरडले, “ताल धरून राह्यली का भाकरी थापून राह्यली?” मांडव हसला. कीर्तनाची जागा गेली. “तिच्यात न्हाई ते. जन्मातच असावं लागतं,” हेही काकाच म्हणाले.

मग वर्षभर आमच्या घरात त्या दुसऱ्या अभंगाचा तोच एक तुकडा वाजत राहिला. ताईच्या बोटांची साल निघाली. ती घाई करू लागली की तात्या म्हणायचे, “जल्दी कशाची? बराबर वाजव.” ऐकून ऐकून कंटाळलो की मी पुस्तक घेऊन शेतात जायचो.

यंदा तात्यांच्या शब्दावर ती कीर्तनाला बसली. महाराजांनी चाल संथ केली की तिचा हात संथ व्हायचा. गजर चढला की मृदंगही चढायचा. शेवटी काका पुढे आले.

“पोरी, देवाची देणगी हाय बघ तुला!”

मी भाषणाला उठणारच होतो. ताईने शर्ट ओढून मला खाली बसवलं.

“काका, मंग मागच्या साली देणगी कुठं गेल्ती?”

“मागच्या साली तू ज्वारी लावली व्हती.”

“म्हंजी पीठ चुकलं, जन्म न्हाई ना?”

काका खळखळून हसले. “बराबर बोलली! उद्या काल्याच्या कीर्तनालाबी तूच बस.”

त्या दिवशी घरी आम्ही सगळे फार खुशीत जेवलो. माझा त्या शब्दावरचा राग मात्र गेलेला नाही. ऐकायला गोड आहे, पण चुकणाऱ्या मुलीला मांडवाबाहेर काढायला तोच शब्द कामी येतो. म्हणून एक मागणं आहे. तुमच्या आळीत कुणी गाणं, वाजवणं, कुस्ती, काहीही शिकत असेल, तर ज्या दिवशी तिचं चुकेल त्या दिवशी हसू नका, उठून जाऊ नका. जवळ जाऊन विचारा, “उद्या पुन्हा कधी बसणार?” आणि उद्या ऐकायला या.