आधी चालून दाखवा

तुमच्या गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोणत्या पायानं लंगडतं, हे तुम्हाला सांगता येईल का? मला येत नव्हतं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. कष्टकऱ्यांच्या बाजूनं पत्रकं लिहीत होतो, ती वाशीमला पायानं चालवायच्या यंत्रावर छापून आणत होतो, आणि 'जनता उठली आहे' असं त्यांत दर चार ओळींनी म्हणत होतो. जनता उठताना आधी कोणत्या गुडघ्यावर हात टेकते, हे मात्र आमच्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं.

त्यांना सगळे काठीवाले आबाजी म्हणत. घरचा धंदा सुतारकीचा. वखर-नांगराचं काम पुतण्याकडे सोपवून ते उतारवयात फक्त टेकायच्या काठ्या करत. धामणीच्या झाडाचं लवचीक लाकूड थंडीत तोडायचं, वर्षभर सावलीत वाळवायचं, गरम राखेत घालून सरळ करायचं. मुठीचं टोक उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवायचं आणि दोरीनं आवळून ठेवायचं. मग वाकसानं तासणं, फुटक्या काचेनं खरवडणं, टोकाला लोखंडाची शेंबी आणि शेवटी जवसाच्या तेलाचा हात. "लाकूड माह्यं आयकते," ते म्हणत. "माणूसच आयकत नाई."

कारण माणूस आला की म्हणायचा, माप घ्या. आबाजी माप घेत नसत. "आधी चालून दाखवा," म्हणत. तेही अंगणात नाही. "आंगनात सारेच नवरदेवावानी चालतेत." ज्या वाटेनं माणूस रोज जातो त्या वाटेनं त्यानं चालायचं, आणि आबाजी दहा पावलं मागून, हात पाठीशी बांधून, एक शब्द न बोलता. एकदा शाळेचे मास्तर स्वतःची उंची सुतळीनं मोजून, गाठी मारून घेऊन आले. आबाजींनी त्या सुतळीनं बकरी बांधली आणि मास्तरांच्या मागे शाळेपर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, "मास्तर, तुमाले काठी नाई लागत. डाव्या पायाची चप्पल शिवून घ्या." मास्तर आठवडाभर रागावले होते. पण चप्पल शिवल्यावर त्यांचं लंगडणं थांबलं.

दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आदल्या हिवाळ्यात गावाची वाट बंद झाली. गावाखालच्या वाडीतली माळ्यांची घरं वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवत. त्या बाया सकाळी टोपल्या घेऊन मळ्याच्या वाटेनं जऊळक्याच्या स्टेशनवर जात आणि गाडीनं वाशीमचा बाजार गाठत. मळ्याच्या मालकानं त्या वाटेवर बोरीच्या काटेरी फांद्यांची काटी लावली आणि राखणदार बसवला. नाल्याच्या अंगानं फेरा घेतला की गाडी चुकायची आणि मेथी टोपलीतच सुकायची. मी पत्रक काढलं. मालकानं ते वाचलंही नाही. मग आम्ही तरुणांनी ठरवलं, सोमवारी चाळीस जणांनी लाठ्या घेऊन कुंपण तोडायचं.

लाठ्या हव्यात म्हणून मी आबाजींकडे गेलो आणि खोटं बोललो. "गावातल्या म्हाताऱ्यांसाठी चाळीस काठ्या पाह्यजेत, आबाजी."

त्यांनी हातातली काच खाली ठेवली. "इतके बुढे हायेत आपल्या गावात?"

"हायेत ना. सोमवारपर्यंत द्या. साऱ्या सारख्याच करा. मनगटाइतक्या जाड."

"इतकी जाड? मंग बुढा काठी धरन का काठी बुढ्याले धरन?" ते काठीकडेच बघत होते. "आन सारख्या काहून? सारखे कोन चालतेत, बाप्पा? पलटनीतले. घेऊन ये एकेकाले. चालून दाखोव म्हन."

मी कुणाला नेणार? मी तोंड फिरवून निघून आलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी स्वतःच वाडीत गंगाबाईच्या दाराशी हजर. गंगाबाई सगळ्या माळणींत थोरली. "बाई, तुह्या रोजचा रस्ता कोनता?" तिनं कुंपणाकडे बोट केलं. "चाल मंग."

राखणदार किसन आडवा आला. "आबाजी, मालकाचा हुकूम हाये. कोनाले सोडाचं नाई."

"हुकूम रस्त्याचा हाये का हिच्या गुडघ्याचा? मी गुडघा पाहून राह्यलो. तो पाहून झाला का आमी वापस."

किसननं जरा विचार केला आणि एक फांदी बाजूला ओढली. ती दोघं स्टेशनपर्यंत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी आबाजी दुसऱ्या म्हाताऱ्याला घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी दोघांना. मी लिंबाखाली उभा राहून चरफडत होतो. अन्यायाशी झुंज द्यायची सोडून हे काय चालवलंय, असं मला वाटत होतं. चौथ्या दिवशी किसनच म्हणाला, "आबाजी, माह्या बापाचाबी पाय पाहा ना. आठ दिसापासून उंबऱ्याच्या भाईर नाई निंगाला." मग किसनचा बाप त्याच वाटेनं चालला, त्याच्यामागे आणखी सहा म्हातारे, आणि किसन कुंपण धरून उभा राहिला.

शनिवारी आबाजी गंगाबाईला म्हणाले, "आज टोपलं घे डोक्यावर. ओझ्याखाली माणूस अलग चालते." गंगाबाई टोपली घेऊन निघाली. तिच्या मागे तिची सून निघाली, सुनेमागे शेजारीण. सगळ्यांच्या डोक्यावर मेथी आणि वांगी. किसननं त्या दिवशी फांदी परत लावली नाही. बायांना गाडी मिळाली.

रविवारी दुपारी जमादार दोन शिपाई घेऊन आले. गावात दंगा होणार, घराघरांत लाठ्या आहेत, असा मालकानं आधीच अर्ज दिला होता. आमची घरं तपासली. माझ्या घरात पत्रकांचा गठ्ठा सापडला. तो त्यांनी चाळून परत ठेवला. लाठी एकही मिळाली नाही. आबाजींच्या ओसरीवर मात्र अकरा अर्धवट काठ्या, मूठ वाकवून दोरीनं आवळलेल्या होत्या. जमादारांनी विचारलं, या कुणाच्या? आबाजींनी एकेक काठी उचलून नाव सांगितलं, कोणता पाय, कोणती वाट तेही सांगितलं. जमादारांना हसू आवरेना. तिथून ते कुंपणाजवळ गेले, तर समोरून रिकाम्या टोपल्या घेऊन बाया परत येत होत्या. त्यांनी मालकाला बोलावून विचारलं, दंगा कुठं आहे? त्या आठवड्यात मालकानं उरलेली काटीही काढायला लावली.

त्या दिवशी मला हायसं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाठ्या मिळाल्या असत्या तर चाळीस घरचे मुलगे वाशीमच्या कोठडीत असते आणि त्या वाटेवर पक्की भिंत उभी राहिली असती.

नंतर मी आबाजींना विचारलं, "तुमाले तवाच समजलं होतं ना?"

"मनगटाइतक्या जाड म्हनला तवाच." ते तेलाचा हात फिरवत होते. "पन तू बुढ्यायचं नाव घेतलं. मंग मी बुढेच पाह्यले. आपल्याले ते येते."

गेल्या पौषात आबाजी गेले. अकरातल्या नऊ काठ्या त्यांनी पुऱ्या केल्या होत्या. उरलेल्या दोन पुतण्यानं केल्या. त्या जरा आखूड झाल्या आहेत, आणि त्या दोघांची रोज तक्रार असते. मी अजूनही पत्रकं लिहितो. राग तेवढाच आहे. फक्त आता लिहिण्याआधी ज्याच्यासाठी लिहितो त्याच्याबरोबर एकदा त्याच्या वाटेनं जाऊन येतो.

वाट उघडी आहे, पण सरकारी कागदावर तिची नोंद नाही. येत्या चैत्रात मोजणीवाले येणार आहेत, आणि मालकही तिथं असेल. म्हणून वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. लग्न होऊन दूर गेलेल्या लेकी असोत, की स्टेशनवरून दुसऱ्या गावी कामाला गेलेली माणसं, मळ्याच्या वाटेनं जो कुणी कधी जऊळक्याला चालत गेला असेल त्यानं मोजणीच्या सकाळी यावं. मोजणीदारासमोर उभं राहून एवढंच सांगावं की मी इथून जात होतो, आणि केव्हापासून जात होतो. सही येत नसेल तर अंगठा चालतो. पण या.