स्लॅबखालचे ठोकळे

बांधकाम तपासणीच्या नोकरीत बाईंची बावीस वर्षं गेली होती आणि ठेकेदार मंडळींबद्दल त्यांच्या मनात तसूभरही आदर उरला नव्हता. त्या दिवशी तिसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतण्याआधी सळया तपासायच्या होत्या. ठेकेदाराने खालीच पंख्यासमोर खुर्ची मांडून ठेवली होती.

"मॅडम, वर कशाला त्रास घेता? आधीचे साहेब इथूनच सही करायचे."

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. डोक्यावरच्या छतातून गंजक्या सळया डोकावत होत्या.

त्या शिडीने वर गेल्या. सळया उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे फक्त शिडीजवळ लावले होते. पुढे सळया थेट साच्याच्या फळ्यांवर लोळत होत्या; खालून काँक्रीटचं आवरण न मिळाल्याने त्याही खालच्या छतासारख्याच उघड्या पडून गंजणार होत्या. एवढी अक्कल लबाडीत घालवणाऱ्या माणसाची बाईंना किळस आली.

"मॅडम, काँक्रीटची गाडी निघालीय," मागोमाग वर आलेला ठेकेदार म्हणाला.

"मग परत पाठवा. नाहीतर तुमच्या अंगणात ओता."

ठेकेदाराने बाईंच्या वरिष्ठ साहेबांना लावलेला फोन पुढे केला. त्याकडे न बघता बाईंनी 'नामंजूर' असा शेरा लिहिला. दोन दिवसांनी सगळे ठोकळे लागले, तेव्हा प्रत्येक रांगेत वाकून पाहून त्यांनी सही केली. ठेकेदाराने आभार मानले. बाई तोवर शिडी उतरू लागल्या होत्या.