आतोबांचे दरोडेखोर

आमच्या आतोबांइतका भित्रा माणूस साऱ्या बंगळुरात झाला नसेल, आणि शौर्याविषयी इतकं बोलणाराही. दूध पातळ आलं की गवळ्याशी भांडायला आत्याला पुढे करून स्वतः दाराआड उभे राहायचे. पाल दिसली की त्या दिवशी हापिसाला लवकर जायचे. असल्या माणसाने, देश सोडून निघालेल्या कुणा साहेबाच्या लिलावातून जपानी चित्रं उचलून आणली आणि चामराजपेटेतल्या घरी बैठकीत टांगली. लाकडी ठशांनी छापलेली, दंतकथांतल्या बंडखोर दरोडेखोरांची. कुणी अजगराचा गळा आवळतोय, कुणी दातांत तलवार धरून पाण्याखालचं लोखंडी दार फोडतोय, सगळे मानेपासून पोटरीपर्यंत गोंदलेले. "हा जुलमी अंमलदारावर उलटला होता," असं आतोबा आल्यागेल्याला ऐकवायचे. स्वतः मात्र हेडक्लार्कसमोर शिंकसुद्धा दाबून धरायचे. त्यात उन्हाने चित्रांतली निळाई उडते म्हणून बैठकीच्या खिडक्या कायम बंद. आत्या तांदूळ निवडायला परसात जायची, आणि मी तर एकदा खुर्ची समजून पाहुण्याच्या मांडीवर बसलो होतो.

त्यांच्या एकुलत्या लेकीला, वत्सलाला बघायला धारवाडची मंडळी आली, तेव्हाही त्यांनी खिडकी उघडू दिली नाही. आत्याने विनवून पाहिलं. शेवटी अंधारातच पोहे फिरले.

"स्वल्प उजेड करा की हो," मुलाचे वडील म्हणाले.

आतोबांनी निळाईचं पुराण लावलं. गृहस्थ हसले.

"निळाई कसली, अण्णा? मुलगी काळी आहे म्हणून अंधार केलाय, सरळ सांगा की."

वत्सलाने हातातली कपबशी खाली ठेवली. आतोबा उठले आणि त्यांनी एकेक करत सगळ्या खिडक्या उघडल्या. भर दुपारचं ऊन दरोडेखोरांवर पडलं.

"बघा. सावळीच आहे. माझ्यावर गेलीय." त्यांनी दाराकडे हात केला. "आता उठा तुम्ही."

मंडळी गेली. स्थळ खरंच चांगलं होतं. आत्या आत जाऊन रडत बसली. आतोबा तिथेच खाली बसले. वत्सलाने पाणी दिलं, तर अर्धं धोतरावर सांडलं.

ती खिडक्या लावायला उठली.

"असू दे गं," ते म्हणाले. "वारं बरं येतंय."

मग ती त्यांच्याशेजारी बसली. संध्याकाळपर्यंत खिडक्या उघड्याच राहिल्या.