यंत्राची साथ

सोमवारी सकाळी रजईला खोळ घालत होते. दोन कोपरे बसले होते, दोन राहिले होते, एवढ्यात नणंद आत आली आणि म्हणाली, "वहिनी, ते असू द्या तसंच. आडव्या व्हा. मुलं आलीत."

आडवं व्हायचं म्हणजे पेशंट व्हायचं. माझी धाकटी नणंद संगीताच्या कॉलेजात व्हायोलिन शिकवते. स्वतः आयुष्यभर गाणाऱ्यांच्या साथीला बसली, म्हणून मुलांनाही साथच जास्त शिकवते. मागे तिचं एक ऑपरेशन झालं. अकरा दिवस हॉस्पिटलात होती, आणि त्या अकरा दिवसांत औषधांच्या ट्रॉलीच्या एका कुरकुरणाऱ्या चाकाखेरीज तिच्या कानावर काही पडलं नाही. घरी आल्या आल्या म्हणाली, "वहिनी, त्या चाकाला तेल नाही घातलं कुणी, निदान त्याच्यावर तोड तरी काढायला हवी." तेव्हापासून तीन वर्षं ती विद्यार्थ्यांना हॉस्पिटलात वाजवायला तयार करते. आणि वॉर्डात जाण्याआधी प्रत्येकाने माझ्या पलंगापाशी पास व्हायचं, असा तिचा नियम आहे. आमचे हे म्हणतात, "काही दुखत नसताना एवढी सेवा देवाला तरी मिळते का!"

अर्ध्या खोळीची रजई अंगावर ओढून मी पडले. चार मुलं एकेक करून आली. दार वाजवायचं, हात समोरच्याला दिसतील असे धुवायचे, पलंगाच्या पायथ्याशी थांबायचं, विचारायचं, "वाजवू का थोडं?"

पहिल्यालाच मी म्हणाले, "नको."

त्याचं तोंड उतरलं. "एकच छोटं वाजवतो ना, काकू."

"बाहेर!" नणंद दारातून ओरडली. "अरे, त्या बाईला सुई नको म्हणता येत नाही, गोळी नको म्हणता येत नाही. दिवसभरात नको म्हणण्यासारखा तू एकटा सापडलास. म्हणू दे की तिला! आभार मान आणि पुढच्या खोलीत जा."

त्या चौघांत एक मुलगी आहे, तिला सगळे तिखटकानी म्हणतात. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की ती कुठल्या पट्टीत झाली ते सांगते. तिने माझ्याकडे पाहिलं, माझा श्वास पाहिला आणि इतकं हळू वाजवलं की मला खरंच डुलकी लागली. पेशंटने घोरणं ही तिच्या गुरूच्या मते सगळ्यात मोठी दाद. निघताना नणंद चौघांना म्हणाली, "लक्षात ठेवा, खोलीत जे असेल त्याला सांभाळून घ्यायचं."

मंगळवारी तिखटकानी पहिल्यांदा वॉर्डात गेली. एका खोलीत एक म्हातारे शिंपीबुवा होते, ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. बोटाला चिमटा, आणि चिमट्याचं यंत्र उशाशी टुकटुक करत होतं. ते मान हलवून हो म्हणाले. मुलगी वाजवू लागली, शिंपीबुवांनी डोळे मिटले, बाहेर उभी असलेली नणंद मनात खूश. पाच-सहा मिनिटांत यंत्राचा भोंगा झाला. मोठ्या सिस्टर धावत आल्या. शिंपीबुवा उशीवरून घसरून कुशीवर मुटकुळं करून पडले होते, श्वास नीट आत जात नव्हता. बसतं केलं, ऑक्सिजनची नळी लावली, दोन मिनिटांत ठीक. शुद्धीवर तर ते होतेच. म्हणाले, "थांबलीस का गं?"

पण मोठ्या सिस्टर थांबल्या नव्हत्या. "भोंगा व्हायच्या आधी मला कळतं. टेबलापाशी बसून कळतं. आज कळलं नाही. तुमचं वाजवणं मोठं होतं. गुरुवारी येऊन भेटा, हे चालू ठेवायचं की नाही ते ठरवू."

घरी येऊन नणंद जेवली नाही. मी म्हटलं, "मोठं वाजलं म्हणतात ना, मग पुढे हळू वाजवा. झालं."

"मोठं नव्हतं, वहिनी. मी दारात होते." मग तिने मुलीकडून काय काय काढून घेतलं ते सांगितलं. रक्तातला प्राणवायू कमी झाला की त्या टुकटुकीचा सूर खाली उतरतो. मोठ्या सिस्टर ते कानाने ओळखतात. आणि आमच्या तिखटकानीने खोलीत गेल्या गेल्या काय केलं, तर त्या टुकटुकीलाच सा धरून तार जुळवली. टुकटुक उतरायला लागली तशी तीही तिच्याबरोबर उतरली, इतकी अलगद की कुणाला सूर उतरल्याचं कळूच नये.

"असं का केलं तिने?"

"कारण मी शिकवलंय. गाणारा दमला, सुरात खाली आला, की साथीदाराने त्याच्याबरोबर खाली यायचं. ऐकणाऱ्याला कळता कामा नये. याला आमच्यात सांभाळून घेणं म्हणतात." ती कसंनुसं हसली. "पोरीने यंत्राला सांभाळून घेतलं."

सासरी येताना मलाही तेवढं एकच शिकवून पाठवलं होतं.

बुधवारभर तिच्या मनाची घालमेल चालली होती. आवाज मोठा होता एवढं कबूल केलं, तर प्रकरण तिथेच मिटणार होतं. खरं सांगितलं, तर कुठल्या हॉस्पिटलात असल्या मुलांना परत पाय ठेवू देतील? वॉर्डात जाणाऱ्यांच्या यादीत अकरा विद्यार्थी होते, आणि तिखटकानी तर व्हायोलिन पेटीत घालून कुलूप लावून बसली होती. संध्याकाळी मी देवापुढे बसले तेव्हा ती येऊन शेजारी टेकली. देवाला हात न जोडणारी बाई! म्हणाली, "तुमच्या देवाला विचारा."

"देव काय सांगायचा? तुला माहीत आहे म्हणून तर जेवण जात नाहीये."

"उद्या चला माझ्याबरोबर."

गुरुवारी तिखटकानीला घेऊन आम्ही तिघी गेलो. मोठ्या सिस्टरांच्या खोलीत टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर पाळ्यांचा तक्ता. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "या कोण?"

"माझी वहिनी. सरावाची पेशंट."

"कसल्या आजाराची?"

"सोमवारी तरी नुसती झोपेची," मी म्हणाले. कुणी हसलं नाही. मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं.

नणंदेने सरळ सुरुवात केली. "सिस्टर, वाजवणं मोठं नव्हतं. त्याहून वाईट होतं." आणि सगळं सांगितलं: तार कशाला जुळवली, सूर कसा उतरला, मुलगी कशी बरोबर उतरली. "चूक तिची नाही. सांभाळून घ्या, एवढंच मी घोकवून घेतलं. कुणाला सांभाळायचं नाही, ते शिकवायचं मलाच सुचलं नाही."

सिस्टरांनी पेनला टोपण लावलं. मग मुलीकडे वळल्या. "म्हणजे सूर उतरलेला तुला कळला होता?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "हो."

"किती?"

"आधी अर्धा सूर. मग थोडं थांबून आणखी एक."

"केव्हा कळला?"

"लगेच. पहिल्याच टुकला."

"अगं बाई!" सिस्टर खुर्चीत मागे रेलल्या. "माझ्या नव्या नर्सना महिना महिना बसवूनही हे ऐकू येत नाही. आणि तुला पहिल्या टुकला येतं, ते तू झाकून ठेवतेस?"

"झाकलं नाही. सांभाळून..."

"सांभाळायला आम्ही आहोत," सिस्टर म्हणाल्या. "तू चहाडी करायची. सूर उतरला की वाजवणं जागच्या जागी तोडायचं आणि सिस्टर म्हणून हाक मारायची. गाणं अर्धवट राहिलं तरी चालेल. जमेल?"

मुलीने गुरूकडे पाहिलं. आयुष्यात मधेच थांबायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"जमवून घेते मी तिच्याकडून," नणंद म्हणाली.

"जमवून घेणं, हेच तुमचं खरं दुखणं दिसतंय," सिस्टर म्हणाल्या आणि आत्ता पहिल्यांदा हसल्या. मग अटी सांगितल्या. यंत्राच्या सुरात कुणी वाजवायचं नाही, त्याच्या आसपासही नाही; जे काही वाजवायचं ते खाली, खर्जात. अकराच्या अकरा मुलांना आधी त्या स्वतः टुकटुक ऐकवणार. आणि तिखटकानीने दर सोमवारी तासभर यायचं, नव्या नर्सचे कान तयार करायला.

जिन्याशी आलो आणि नणंद माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी हसली की येणारे-जाणारे थांबून बघू लागले. मुलगी रडत होती. मी मधे उभी, एक हसणारी, एक रडणारी. परमेश्वरा, तुझी कृपा, एवढंच आज वहीत लिहिणार होते; लिहिता लिहिता पानं भरली. घरी आल्यावर नणंद दोनदा वाढून घेऊन जेवली, आणि भात मऊ झालाय असं म्हणाली, म्हणजे आता सगळं ठीक आहे.

खर्जात वाजवायचं तर मुलांच्या व्हायोलिनला जाड तारा लागतील. उद्या सकाळी दहाला वाद्यांचं दुकान उघडलं की नणंद तारा आणायला जाणार आहे.