मयताच्या नावाला कंस

"मयत! करा कंस!" असं म्हणून काका पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचे आणि शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा इंग्रज जहागीरदाराला कंसात घालायचे.

इथे अमेरिकेत, श्रूजबरीच्या लायब्ररीत मी जुन्या पुस्तकांच्या विभागात काम करते. काका दर मंगळवारी यायचे. सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून जन्म घालवलेला, आता मुलाकडे राहायला आलेला माणूस. सातबाऱ्यावर मेलेल्याच्या नावाला कंस करतात आणि खाली वारसांची नावं लावतात, हे मला त्यांनीच शिकवलं.

त्यांच्या मुलानं अमेरिकन मुलीशी लग्न केलं. तिचे पूर्वज इंग्लंडमधल्या एका खेड्यातले. त्या खेड्याची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली, याचा तक्ता काकांनी आहेर म्हणून करायला घेतला. आता बोला! सोन्याची चेन देऊन मोकळं व्हावं की नाही?

एकदा ते ओरडलेच, "अहो, गाव ज्याचं, चर्चचा पाद्री नेमायचा हक्कही त्याचाच! आपल्याकडे इनामदार गुरव नेमायचा, तसंच की!"

"काका, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. वारस सापडलाय!"

मग त्यांचा मुलगा गेला. बर्फात गाडी घसरली. एकुलता एक होता हो.

चार मंगळवार काका आले नाहीत. पाचव्या मंगळवारी सुनेनं त्यांना आणून सोडलं. नेमका तक्त्यात बापाआधी मेलेला एक मुलगा निघाला. त्याच्या बापानं गाव सुनेच्या नावे केलं होतं. पुढचा पाद्री तिनंच नेमला. काकांनी तक्त्यात त्या सुनेचं नाव नीट लावलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"काका, मुलाला कंस राहिला."

"राहू दे गं, पोरी."

माझी जीभ झडली का नाही त्या वेळी? मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

या मार्चमध्ये काकाही गेले. सून तक्ता घेऊन माझ्याकडे आली. तळाशी काकांनी तीन नावं वाढवली होती. स्वतःचं, मुलाचं आणि वारस म्हणून तिचं. स्वतःच्या नावाला त्यांनी जिवंतपणीच कंस करून ठेवला होता. मुलाच्या नावाला नव्हता.

तिनं कंसाचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिनं नवऱ्याच्या नावावर तळहात ठेवला, आणि बराच वेळ उचललाच नाही.