कुलूपबंद गाव आणि गयामावशीचा शनिवार

"जिल्हा तुझा, तारीख तूच ठरव," असं योनास म्हणाला आणि मी फुशारकीने ठरवून मोकळी झाले. डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे. बीडची थंडी, बाजरीची भाकरी, वर आईला भेटणंही होईल! तुम्ही कधी परदेशी मित्रांना आपल्या भागात घेऊन जाणार असाल, तर ही पोस्ट नीट वाचा. मी केली ती चूक करू नका.

मी प्रज्ञा. जर्मनीतल्या एका छोट्या शहरात पाण्याच्या नियोजनाचं शिकते. तिथले माझे दिवस साधेच आहेत: सायकलने कॉलेज, दुपारी कँटीनमधलं बटाट्याचं काहीतरी, गुरुवारी तळघरात कपडे धुण्याचा नंबर. अवघड आहे ते गटाचं काम. आमचा गट तिघांचा: मी, तिथलाच योनास आणि व्हिएतनामची लिन. दर सोमवारी सकाळी आठला आम्ही बसतो आणि आपलं काय राहिलं, काय चुकलं ते प्रत्येकाने आधी सांगायचं. योनास हे "आज डबा विसरलो" इतक्या सहज सांगतो. मी मात्र वर्षभर "माझं सगळं झालंय" एवढंच म्हणत आले आणि राहिलेलं घरी जाऊन धापा टाकत उरकत आले. शाळेत चूक कबूल केली की छडी बसायची. ती सवय सातासमुद्रापार माझ्यासोबत आली होती.

या वेळचं काम मोठं होतं. कोरडवाहू गावातल्या तीस घरांत जायचं आणि पिण्याचं पाणी कसं साठवतात ते विचारायचं. निम्मे गुण याच कामाला. घरं मिळाली नाहीत तर तिघांचंही सत्र वाया जाणार होतं.

पुण्याहून बीडला एसटीने सहा-सात तास धरून चाला. सकाळची गाडी असेल तर डाव्या बाजूला बसा, उजवीकडे ऊन तोंडावर येतं. दुसऱ्या दिवशी बीडहून शिरूर कासारची गाडी धरली. कंडक्टरने आम्हा तिघांकडे पाहिलं आणि मशीनची बटणं दाबत म्हणाला, "बायका अर्ध्या, दादा पूर्ण." मी समजावून सांगितल्यावर योनास इतका हसला की कंडक्टरही हसला. "गोरा असला म्हणून काय झालं, कायदा सगळ्यास्नी सारखाच हाय," तो म्हणाला.

शिरूरपासून पुढे रिक्षा केली आणि गावात उतरलो. पहिलं घर कुलूप. दुसरं कुलूप. तिसऱ्याच्या दारासमोर कुत्रं झोपलेलं, मागे कुलूप. आख्खी आळी कुलूपबंद. लिन वही छातीशी धरून उभी राहिली.

माझ्या लगेच लक्षात आलं. दिवाळीनंतर माणसांनी, चुलीच्या भांड्यांनी, बिछान्यांनी भरलेले ट्रक बीडच्या रस्त्यावरून जाताना मी लहानपणापासून बघत आलेय. ही माणसं ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात, हे जिल्ह्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि मी, बीडची हुशार मुलगी, ऐन डिसेंबरात घरं मोजायला आले होते!

"कुठे गेले सगळे?" योनासने विचारलं.

"लग्न असेल," मी म्हणाले. "वऱ्हाडात गेलेत. परवा येऊ आपण."

मधला दिवस कपिलधारला घालवला. बीडहून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. डिसेंबरात धबधब्याची धार बारीक असते, पण कडा, गर्द झाडी आणि खालचं मंदिर पाहून लिन अर्धा तास एका जागी उभी होती. मला त्यातलं काही धड दिसलं नाही. खोटं बोललेलं माणूस देवाच्या दारातही घड्याळच बघतं.

परवा पुन्हा गावात गेलो. तीच कुलपं. पण या वेळी एका घराचं दार उघडं होतं आणि आतून झाडण्याचा आवाज येत होता. साठीची, एका पायाने लंगडणारी बाई बाहेर आली. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, आणि प्रत्येक किल्लीला वेगळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली.

"जयभीम मावशी," दारावरचा बाबासाहेबांचा फोटो पाहून मी म्हणाले. त्या गयाबाई. आम्ही कोण, कशाला आलो, सगळं सांगितलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बीडची म्हणतीस अन् ह्या दिसांत कावून आलीस गं? समदी ऊसतोडीला गेल्यात. दर साली जात्यात. तुला ठावं न्हाई व्हय?"

"काय म्हणतात त्या?" लिनने विचारलं.

त्या अंगणात मराठी कळणाऱ्या मी आणि मावशी, दोघीच. "लग्न लांबलंय" म्हणाले असते तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. माझी जीभ तिकडेच वळत होती. पण त्या बाईसमोर, तिचेच शब्द वाकवून सांगायची मला लाज वाटली. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. लग्नाचं खोटं होतं, हेही सांगितलं.

 योनासने वही उघडली. "आजचा सोमवार धरू या," तो म्हणाला. "माझं चुकलेलं: लोक त्या वेळी गावात असतात का, हे मी विचारलंच नाही." लिन म्हणाली, "मीही नाही." मी ओटीवर बसून ढसाढसा रडले. इतकी माया त्या रुक्ष बैठकीत दडलेली असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मावशींना भाषा कळली नाही, पण प्रकार कळला. त्यांनी पाणी दिलं आणि पुन्हा झाडू हातात घेतला. "रडू नगं. शनिवार हाय, माजं काम पडलंय. चला माज्यासंगं."

मग आम्ही जे पाहिलं, त्याने तिघेही थक्क झालो. गावाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. दर शनिवारी त्या एकेक घर उघडतात, झाडतात, वाळवी बघतात, पालथा रांजण पुसून परत पालथा ठेवतात. किल्लीकडे बघतसुद्धा नाहीत, चिंधीला बोट लावलं की घर ओळखतात. काही किल्ल्या त्यांच्या वस्तीच्या, काही वरल्या आळीच्या.

"एवढं सगळं एकट्या करता?" मी विचारलं.

"एकटी कशी? पाय मोडल्यापून म्या जात न्हाई. त्यायची घरं म्या बघती. ती माघारी आली की आदी माजं रान नांगरत्यात, मंग सोताचं. वारंगुळा हाय आमचा."

वारंगुळा म्हणजे आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या. मी हे लिनला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. त्यांच्याकडेही भातलावणीला असंच असतं म्हणे.

योनासने फोटोसाठी फोन काढला, तर मावशींनी हात आडवा केला. "मालक घरात न्हाईत. त्यायच्या माघारी फोटू न्हाई." मग स्वतःचा फोन काढून म्हणाल्या, "इचारायचं तर त्यायलाच इचारा की!"

आमची पाहणी अशी झाली. मावशी दुपारच्या भाकरीच्या वेळेला फोन लावायच्या, पलीकडे उसाच्या फडातून आवाज यायचा, मी प्रश्न विचारायची, लिन लिहायची, योनास अंगणात बसून घरांचा नकाशा काढायचा. फडातल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पाणी कसं भरतात, हेही लोकांनी आपणहून सांगितलं. ते आमच्या प्रश्नांत नव्हतंच. पाच दिवसांत तीस घरं पूर्ण झाली. रोज जेवण मावशींकडे: भाकरी, ठेचा, पिठलं. योनासने ठेचा एकदाच खाल्ला.

बीडला परतल्यावर बाबांना हे सांगितलं. ते त्याच तालुक्यातले.  म्हणाले, "माझ्या लहानपणी वरल्या आळीत आपल्याला उंबऱ्याच्या आत पाय ठेवता येत नव्हता. वरल्या आळीच्याही किल्ल्या गयाबाईकडे आहेत म्हणतेस?"

आता जर्मनीत परत येऊन दोन महिने झाले. काम पास झालं. दर सोमवारी मी पहिली बोलते आणि राहिलेलं सांगते. अजून जीभ अडखळते, पण सांगते.

काल सत्र संपलं. लिन दीड महिन्यासाठी हनोईला निघाली, मी इथेच आहे. जाताना तिने दार वाजवलं आणि खालच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. तिच्या पिवळ्या स्कार्फची चिंधी बांधलेली होती.

"शनिवार," ती मराठीत म्हणाली.

आज शनिवार आहे. एवढं लिहून झालं की झाडू घेऊन खाली जाते.